इन्कार, मज्जाव आणि कबुलीची किंमत

कुकटपल्ली हे हैदराबादचे वायव्येकडील उपनगर. नांदेड, लातूर, परभणी ह्या बाजूंनी येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी काहींतील माणसे इस्पितळांत सेवा करतात, तर काहींतील मुले संगणकाच्या व्यवसायात आहेत. ‘डिनायल’ हा इंग्रजी शब्द ह्या दोघांच्याही तोंडी आम्ही वारंवार ऐकतो. परिचारिका म्हणते की रोगी ‘डिनायल’मध्ये आहे, अभियंता म्हणतो की रात्री यंत्रावर ‘डिनायल’चा हल्ला झाला. एकीच्या मनात आजार न मानणारा मनुष्य असतो, तर दुसऱ्याच्या मनात खऱ्या ग्राहकाला बंद झालेले दार. एकाच शब्दाने दोन इतक्या दूरच्या गोष्टी कशा दाखविल्या जाव्यात, असा प्रश्न धर्मशिक्षकांच्या एका वर्गात निघाला व त्यातून प्रस्तुत लेख लिहावासा वाटला.

मराठीला ह्या बाबतीत शब्दांची उणीव नाही. आरोपी गुन्हा नाकबूल करतो. साक्षीदार कानांवर हात ठेवतो. मागणाऱ्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या जातात. देवडीवरचा पहारेकरी मज्जाव करतो. आणि दिसत असून जो पाहत नाही तो डोळ्यांवर कातडे ओढून घेतो. १९६२ साली आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून त्या नाटकाचे नावच बोलण्यात म्हणीसारखे रुळले. इंग्रजीने हे सारे एका शब्दात कोंबले, आणि त्यापासून गोंधळ झाला तसा एक लाभही झाला. सत्य नाकारणे आणि दुसऱ्याला दार नाकारणे ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहता येऊ लागल्या. इतिहासात त्या अनेकदा एकमेकींच्या मागोमाग येतात. आणि त्यांच्या मुळाशी पुष्कळदा एकच प्रश्न आढळतो, तो हा की कबुली देणाऱ्याला काय मोजावे लागणार होते.

मानसशास्त्रातील अभ्यासाचा आरंभ सामान्यतः सिग्मंड फ्रॉइडपासून धरतात. १९२५ साली त्याने ‘फेरनायनुंग’ नावाचा एक छोटा निबंध लिहिला. स्वप्नातील ती स्त्री आपली आई नव्हे, असे रोगी कोणी न विचारता सांगतो, तेव्हा आईचा विचार त्याच्या मनात येऊन गेलेला असतो. नकाराचे पांघरूण घेऊनच तो बाहेर पडू शकतो, असे त्याचे प्रतिपादन होते. ह्याहून निराळा असा दुसरा शब्द फ्रॉइडने त्याच काळात वापरला, तो ‘फेरलॉयग्नुंग’, म्हणजे समोर असलेले वास्तवच न मानणे. मार्टिन लूथरच्या जर्मन भाषांतरात पेत्र प्रभूला तीन वेळा नाकारतो तेथे हेच क्रियापद आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट सहसा नमूद नसते. आपण मात्र ती ध्यानात ठेवावी, कारण तिच्यामुळे एक भेदही दिसतो. फ्रॉइडच्या रोग्याला आपण काय नाकारतो ते धडपणे ठाऊक नसते. पेत्राला आपण कोणाला ओळखतो हे पुरते ठाऊक होते. मुख्य याजकाच्या वाड्यातील अंगणात एका दासीसमोर कबुलीची किंमत त्याला न पेलणारी वाटली, इतकेच.

फ्रॉइडची कन्या ॲना हिने १९३६ साली मनाच्या संरक्षण यंत्रणांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मूल कल्पनेने, शब्दाने व कृतीने नकोसे वास्तव कसे दूर सारते, ह्याचे त्यात बारीक निरीक्षण आहे. मुलाच्या बाबतीत हे स्वाभाविक, परंतु प्रौढाने वास्तवाशी असा संबंध तोडला तर तो आजार, हे तिचे मत पुढे बराच काळ प्रमाण मानले गेले. ह्याच्याही आधी, १९१४ साली, पॅरिसच्या जोझेफ बाबिन्स्की ह्या मज्जातंतूंच्या वैद्याने काही विलक्षण रोग्यांचे वर्णन केले होते. त्यांची डावी बाजू लुळी पडलेली असे आणि तरी आपणांस काही झाले आहे ह्याची त्यांना जाणीवच नसे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्याने असे घडते. हा इन्कार पापही नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. खाटेपाशी बसलेल्या धर्मगुरूने रोग्याच्या ‘मला काही झालेले नाही’ ह्या वाक्याचा नैतिक अर्थ लावण्याची घाई करू नये, ह्याला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

धर्मविद्येच्या विद्यार्थ्यांचा ह्या संशोधनाशी प्रत्यक्ष संबंध १९६५ साली आला. शिकागो थिऑलॉजिकल सेमिनरीचे चार विद्यार्थी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस ह्या मनोवैद्य बाईंकडे गेले व मरणासन्न माणसांचा अभ्यास कसा करावा असे त्यांनी विचारले. बाईंनी इस्पितळाच्या विभागांत असे रोगी शोधावयास आरंभ केला, तेव्हा डॉक्टरांकडून उत्तर मिळू लागले की आमच्याकडे मरणाला टेकलेला कोणी नाहीच. एवढ्या मोठ्या इस्पितळात! इन्काराची पहिली नोंद अशा रीतीने रोग्यांची नव्हे तर वैद्यांची झाली. पुढे दोनशेहून अधिक रोग्यांशी बोलून बाईंनी १९६९ साली आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्यातील पाच टप्प्यांपैकी इन्कार हा पहिला. तो बहुधा तात्पुरता असतो आणि पहिला धक्का सोसण्यास मनाला उसंत देतो, असे त्यांनी मांडले. टप्प्यांचा हा क्रम जसाच्या तसा सर्वांना लागू पडत नाही, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. तरी आमच्याकडील कित्येक प्रवचनांत तो अजूनही नियमासारखा सांगितला जातो.

ह्याहून आम्हांस अधिक उपयोगी वाटते ते बोस्टनमधील टॉमस हॅकेट व नेड कॅसेम ह्यांचे काम. कॅसेम हे मनोवैद्य होते आणि येशूसंघीय धर्मगुरूही होते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात हृदयविकाराच्या झटक्याने आलेल्या रोग्यांचा ह्या दोघांनी अभ्यास केला व इन्कार मोजण्याचे एक माप १९७४ साली प्रसिद्ध केले. ह्या आणि अशा अभ्यासांतून निघालेली गोष्ट अशी की, छातीत कळ येत असताना ‘हे अपचन आहे’ म्हणणारा उशिरा इस्पितळात पोहोचतो आणि तो उशीर प्राणघातक ठरतो. परंतु एकदा खाटेवर पडल्यानंतर पहिल्या काही दिवसांत तोच इन्कार भय कमी करतो व पुष्कळदा रोग्याच्या पथ्यावर पडतो. म्हणजे इन्कार भला की बुरा हा प्रश्नच अपुरा. तो केव्हा केला आणि त्यामुळे कोणते दार बंद झाले, हे पाहावे लागते.

येथवर संशोधकांची दृष्टी एकट्या माणसावर होती. संपूर्ण नगर इन्कार करू शकते, ह्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे आणि त्याच्या मध्यभागी एक गोव्याचा ख्रिस्ती वैद्य उभा आहे. अकाशियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांचा जन्म १८५६ साली गोव्यात हडफडे येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले आणि पुढे म्युनिसिपालिटीचे सभासद झाले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात तापाने व गाठींनी माणसे मरू लागली. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग होय, असे व्हिएगस ह्यांनी २३ सप्टेंबरला स्थायी समितीपुढे सांगितले. ते ऐकण्यास कोणी उत्सुक नव्हते. प्लेग हा शब्द एकदा अधिकृत कागदावर आला की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना मज्जाव करणार, कापसाचा व धान्याचा व्यापार थांबणार, हे सर्व जाणून होते. म्हणून आरंभी संशयास्पद ताप, गाठीचा ताप, सौम्य प्रकारची साथ असे शब्द वापरले गेले. हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत येऊन पोहोचले व सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले, तेव्हा वाद मिटला. तोवर साथ बरीच पसरली होती.

स्टॅन्ली कोहेन ह्या समाजशास्त्रज्ञाने २००१ साली इन्कारावर एक मोठा ग्रंथ लिहिला. राज्यसंस्था व समाज अत्याचाराची माहिती असूनही ती कशी नाकारतात, हा त्याचा विषय. कोहेन दक्षिण आफ्रिकेत वाढलेला ज्यू होता. हा प्रश्न त्याला पुस्तकांत शोधावा लागला नाही. त्याने तीन प्रकार केले : घटना घडलीच नाही असे म्हणणे, घडली, पण तिचे नाव निराळे आहे असे म्हणणे, आणि घडली, नावही तेच, पण त्यामुळे आपण काही करावयास हवे असे नाही, असे म्हणणे. मुंबईच्या १८९६ च्या कागदांत पहिले दोन प्रकार आठवड्या-आठवड्याच्या अंतराने दिसतात. कोहेनच्या मते दुसरा प्रकार सर्वांत टिकाऊ असतो, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सुशिक्षितांना तो फार आवडतो, हे मात्र खरे.

आता नाण्याची दुसरी बाजू. सरकारने प्लेग मान्य केला त्या क्षणी घराघरांतून इन्कार सुरू झाला. ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना मिळाले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले आणि लगेच म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांना ती सक्ती सैल करावी लागली. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. तपासणीची पथके येत तेव्हा लोक रोग्याला लपवीत, प्रेत गुपचूप हलवीत, मृत्यूचे कारण साधा ताप म्हणून लिहवून घेत. नोंदलेले प्लेगचे बळी आणि एकंदर मृत्यूंतील वाढ ह्यांचा मेळ बसेना. पुण्यास रँड ह्यांच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळी झाडली. सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगनेच गेल्या.

ह्या प्रकरणातील एक पान ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये. १८९७ साली पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या पत्रात लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांच्या वाट्याला येणारी वागणूक उघडी केली. त्यांच्या आश्रमातील एका मुलीचे तेथे काय झाले हेही सांगितले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी ते कथन चुकीचे व दिशाभूल करणारे ठरविले. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शिपायांच्या वर्तनाविषयी आरोप केले होते; पुरावा उभा करता न आल्यामुळे परतल्यावर त्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. साक्षीदार पुढे येईनात. अब्रू गेलेल्या स्त्रीचे नाव कोणते घर उच्चारणार? सरकारचा इन्कार आणि घरांचे मौन ह्यांची येथे नकळत हातमिळवणी झाली, आणि दोहोंच्या मध्ये जी मुलगी होती तिला कोठेच दार राहिले नाही.

सक्तीमुळे लपवालपव वाढली, हे पुढे खुद्द सरकारलाही उमगले आणि नंतरच्या वर्षांत धोरण सौम्य होत गेले. व्हिएगस ह्यांनी मात्र प्रथमपासून निराळा मार्ग धरला होता. वस्तीत जाणे, स्वच्छता, उंदीर मारणे, आणि लस निघाल्यावर हजारो लोकांना स्वतः टोचणे. रोग कबूल केल्याने माणूस घरापासून तोडला जाणार नाही, असा भरवसा ह्या मार्गात अधिक होता, असे आमचे मत आहे.

आता शब्दाचा दुसरा अर्थ पाहू. तोही संशोधनाचा विषय आहे व त्याचा इतिहास दिसतो त्याहून जुना आहे. अनेक माणसे एकच संगणक वाटून घेत त्या काळात, १९८३ साली, व्हर्जिल ग्लिगॉर ह्या मेरिलंड विद्यापीठातील अभ्यासकाने सेवा नाकारली जाण्याच्या समस्येवर एक टिपण सादर केले. तोवर संगणकाच्या सुरक्षेत मुख्य चिंता ही असे की गुपित बाहेर फुटू नये. ग्लिगॉरने लक्ष वेधले ते निराळ्या हानीकडे : काहीही चोरीला गेलेले नाही, परंतु ज्याचा हक्क आहे त्याला वेळेत काही मिळत नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स ह्या इंटरनेट पुरवठादारावर झालेल्या हल्ल्याने ही गोष्ट जगाला दिसली. दोन संगणकांचे बोलणे तीन पायऱ्यांनी सुरू होते. पहिला हाक देतो, दुसरा ‘या, जागा ठेवली आहे’ म्हणतो, आणि पहिला पुन्हा होकार देतो. हल्लेखोराने खोट्या पत्त्यांवरून हाकांचा पूर लोटला. यंत्र प्रत्येकासाठी जागा राखून उत्तराची वाट पाहत बसले, आणि खरा ग्राहक आला तेव्हा जागा उरली नव्हती. ‘नाही’ हा शब्द येथे कोणीच उच्चारला नाही. द्वारपाल थकला, एवढेच.

२००१ साली सॅन डिएगोच्या डेव्हिड मूर, जेफ्री व्होल्कर व स्टेफान सॅव्हेज ह्या तिघांनी अशा हल्ल्यांची प्रथमच मोजदाद केली. बळी पडलेले यंत्र खोट्या पत्त्यांवर उत्तरे पाठवीत राहते. त्यांतील काही उत्तरे, ज्यांवर कोणीच राहत नाही अशा रिकाम्या पत्त्यांवर येऊन पडतात. ह्या तिघांनी अशा रिकाम्या पत्त्यांच्या एका मोठ्या वस्तीवर लक्ष ठेवले आणि तीन आठवड्यांत पाच हजारांहून अधिक ठिकाणांवर बारा हजारांहून अधिक हल्ले झाल्याचे दाखविले. त्यांपैकी पुष्कळांची कोणी वाच्यताही केली नव्हती; व्यापारी संस्थेला आपण बळी पडलो हे सांगणे परवडत नाही. म्हणजे दाराच्या नाकारण्यामागे सत्याचे नाकारणे येथेही आलेच. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील छोट्या इंटरनेट पुरवठादारांवर प्रतिसेकंद दोनशे गिगाबिट इतका मारा झाला व प्रकरण पोलिसांकडे गेले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांनाही हा शब्द परिचित झाला. बचावाचे जे उपाय निघाले त्यांतील एक फार बोधक आहे. द्वारपालाने पहिल्या हाकेलाच जागा राखावयाची नाही. येणाऱ्याच्या हाती एक खूण द्यावयाची, आणि ती खूण घेऊन तो परत आला तर मगच त्याला जागा द्यावयाची. दार बंद करून टाकणे हा उपाय नव्हे, कारण हल्लेखोराला तेच हवे असते.

चर्चच्या इतिहासाचा अभ्यास केलेल्यांना येथे कार्थेजची आठवण व्हावी. २४९ च्या अखेरीस सम्राट डेसियसने सर्वांनी देवांना यज्ञ करावा असे फर्मान काढले. यज्ञ केल्याचे प्रमाणपत्र मिळे. इजिप्तच्या वाळूत २५० सालची अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे सापडली आहेत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला. कित्येकांनी तो न करता लाच देऊन नुसते प्रमाणपत्र मिळविले, म्हणजे त्यांनी इन्कार केला तो कागदावर. छळ ओसरू लागताच हे सारे चर्चच्या दाराशी आले. तुरुंगात गेलेले धीराचे लोक त्यांना शिफारशीच्या चिठ्ठ्या देऊ लागले. दररोज हजारोंनी चिठ्ठ्या निघतात, अशी बिशप सिप्रियन ह्यांची तक्रार आहे. एका पक्षाचे म्हणणे होते, सर्वांना आत घ्या. दुसऱ्याचे, कोणालाच घेऊ नका. २५१ च्या परिषदेने प्रत्येकाची कहाणी स्वतंत्रपणे ऐकावयाची असे ठरविले. नुसता कागद घेतलेल्यांना चौकशीनंतर परत घ्यावे, यज्ञ केलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे. पुन्हा छळाचे ढग जमले तेव्हा प्रायश्चित्त करीत असलेल्या ह्या दुसऱ्या वर्गालाही दार उघडण्यात आले.

कागदावरच्या इन्काराचा हा प्रश्न तेलंगणात आमच्यापुढे आजही आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्यास त्या यादीतून वगळले. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यात आले; ख्रिस्ती आले नाहीत. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले सूसाय हे मद्रासचे रस्त्याकडेला बसणारे चर्मकार होते. त्यांच्या धंद्यातील अनुसूचित जातीच्या लोकांना सरकारने फुकट टपऱ्या दिल्या. ख्रिस्ती म्हणून त्यांना ती मिळाली नाही. धर्मांतरानंतरही जातीची पीडा तितक्याच तीव्रतेने चालू राहते ह्याचा अधिकृत पुरावा दिलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो पुरावा देणार कोण? आमच्यात जात नाही असे चर्चमधील बहुतेकांनी वर्षानुवर्षे सांगितले, आणि तेच वाक्य सूसाय ह्यांच्या टपरीच्या आड आले. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी सतीश देशपांडे ह्यांनी २००८ साली समाजशास्त्रीय अभ्यासांचा आढावा घेऊन दलित ख्रिस्ती लोकांची खरी स्थिती मांडली. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने चर्चमधील भेदभाव आपल्या धोरणपत्रात स्पष्ट शब्दांत मान्य केला तो डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे सूसाय ह्यांच्या निकालानंतर एकतीस वर्षांनी.

तेलंगणात अनुसूचित जातींना पंधरा टक्के राखीव जागा आहेत. त्याच जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासवर्गाच्या ‘क’ गटात एक टक्का. म्हणून काही कुटुंबे रविवारी मिस्साला येतात आणि शाळेच्या दाखल्यावर निराळा धर्म लिहितात. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी आमच्याकडे येऊन ती स्नानसंस्काराच्या नोंदीविषयी हळू आवाजात विचारतात. काही धर्मगुरू अशांना धर्मत्यागी म्हणतात व ग्रामसमितीवर घेत नाहीत. काही काहीच विचारीत नाहीत. दोन्ही पक्ष आम्हांस कार्थेजचेच वाटतात. खोटा दाखला आम्ही कोणास लिहून देत नाही, आणि देऊही नये. परंतु ज्याने हा कागद घेतला त्याची कहाणी एकट्याने बसून ऐकावी, त्याने काय नाकारले व त्याच्याकडून कोणी काय मागितले होते हे निरनिराळे लिहून ठेवावे, आणि ‘क’ गटाचा दाखला उघडपणे घेऊन एका टक्क्यावर राहिलेल्या कुटुंबांचीही नोंद धर्मग्रामाच्या दप्तरात असावी, असे आम्ही सुचवितो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली ह्याच प्रश्नावर आयोग नेमला. १९८५ साली न्यायालयाने मागितलेला पुरावा अशाच नोंदींतून उभा राहू शकतो, आणि त्या आमच्या फारच थोड्या धर्मग्रामांत ठेवल्या जातात.